अकरा नंबरचा मुक्काम

मंगळवारी सकाळी नोरीन टॉलिव्हरने कॉफीचा पहिला घोट घेतला, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, आणि दुसरा घोट घ्यायचा राहून गेला. अकरा नंबरचा लांडगा वॉल्डीन हस्टेडच्या गायींमध्ये उभा होता.

गायींजवळ नव्हे, गायींमध्ये. नोरीनने नकाशा मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला. ठिपका कळपातच होता.

वन्यजीव खात्यात तिला एकोणीस वर्षं झाली होती. पहिली सतरा हरणं आणि अस्वलं मोजण्यात बरी गेली. मग शहरवाल्यांनी मतदान करून लांडगे परत आणायचं ठरवलं, खात्याने ते आणून, ठावठिकाणा कळवणारे पट्टे गळ्यात घालून डोंगराच्या या बाजूला सोडले, आणि गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून लांडग्यांचे चाहते आणि लांडग्यांचे वैरी, दोघांचेही फोन नोरीनच्याच टेबलावर वाजत. लांडगे तेवढे फोन करत नसत. त्यामुळे ते तिला त्यातल्या त्यात आवडायचे.

तिने फोन लावला.

"मिसेस हस्टेड, नोरीन बोलतेय. घाबरू नका. तुमच्या पाटाजवळच्या कुरणात लांडगा आहे."

"कुठल्या बाजूला?"

"मधोमध."

"मी मधोमधच उभी आहे, पोरी."

नोरीनने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "नोंद सहाची आहे. आता साडेआठ झालेत."

"सहालाही मी इथेच होते. पाचला पाटाचं दार उघडलं, तेव्हापासून इथेच आहे. गाई निवांत चरताहेत. लांडगा असता तर मला दिसला असता. नाहीतर मी त्याला दिसले असते."

"वासरं मोजता का जरा?"

"मोजलीत. सगळी आहेत. एक जास्तच आहे, पहाटे झालं."

वॉल्डीनबाई एकाहत्तर वर्षांच्या. नवरा गेल्यापासून दीडशे गायींचा कारभार एकटीने सांभाळत होत्या. गाई वीत असताना रानात कुणीतरी पहाऱ्याला हवं, म्हणून त्यांनी मार्चमध्येच खात्याकडे घोडेस्वार राखणदार मागितला होता. उत्तर आलं, की तुमच्या कुरणाच्या मैलभरात लांडग्याची नोंद झाल्यावर अर्ज करावा. "म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणार तुम्ही," त्या म्हणाल्या होत्या. नोरीनने ते वाक्य फायलीत 'अर्जदाराचे मत' या रकान्यात जसंच्या तसं लिहिलं होतं. त्यापलीकडे तिला काही करता आलं नव्हतं. तेव्हापासून वॉल्डीनबाई कुरणातच पिकअपच्या पुढच्या सीटवर झोपत होत्या, आणि अजून तीन आठवडे गाई विणार होत्या.

आता मात्र नोंद झाली होती, तीही भरभक्कम. बुधवारी दोन घोडेस्वार आले. दोघेही तरबेज होते. त्यांनी दिवसभर कुरण पालथं घातलं आणि संध्याकाळी कळवलं, की लांडगा दिसला नाही, पाऊलही दिसलं नाही, पण बाईंनी केलेला बीन्सचा रस्सा फार चांगला होता. नोरीनने पडद्यावर पाहिलं. ठिपका त्यांच्यापासून चाळीस पावलांवर होता.

गुरुवारी नियमाप्रमाणे लाल चिंध्यांची दोरी आली. कुरणाभोवती अशी दोरी ताणली की वाऱ्यावर चिंध्या फडफडतात, लांडगा बिचकतो आणि ओलांडत नाही. दोन मैल दोरी लावून झाली आणि संध्याकाळी लायल पेनिंग्टनचा फोन आला. हा शेजारच्या रँचचा मालक आणि गुरंवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष.

"नोरीन, ती चिंध्यांची दोरी लांडगा ओलांडत नाही म्हणतात. खरं का?"

"सहसा नाही."

"आणि लांडगा दोरीच्या आत आहे."

"हो."

"म्हणजे सरकारने लांडग्याला गायींसकट कोंडून घातलंय. बरोबर समजलं ना मला? नाही, मी फक्त आठवी शिकलोय म्हणून विचारतो."

तिसरा खांब रोवताना नोरीनच्याही मनात हेच आलं होतं. पण माणसं कामाला लागली होती, आणि कामाला लागलेल्या सरकारी माणसांना थांबवायला वेगळा अर्ज लागतो.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार गेला. लांडगा कळपातून हलला नाही. एकही वासरू मेलं नाही, उलट चार नवीन झाली. ही बातमी शहरात पोचली आणि लांडगामित्र मंडळाच्या ऑड्रा विन्स्लो यांचं पत्र आलं. लांडगा आणि वासरू एका पाटाचं पाणी पितात हे अकरा नंबरने सिद्ध केलंय, असं त्यात होतं. राजधानीतून नोरीनचे साहेब, केंडल, यांचा फोन आला. वरच्या लोकांना ही गोष्ट फार आवडली होती.

"सभा घे. आकडे दाखव. लोकांना आकडे आवडतात."

"साहेब, इथल्या लोकांना आकडे आवडत नाहीत."

"मग आलेख दाखव."

सभा दुसऱ्या गुरुवारी दुपारी अग्निशामक दलाच्या शेडमध्ये भरली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडे टोपीवाले रँचवाले, उजवीकडे शहरातून आलेले, आणि मध्ये नोरीन आणि तिचा प्रोजेक्टर. भिंतीवर अकरा नंबरची दिनचर्या उमटली. पहाटे हळूहळू चालणं. दहाला पाण्यावर. बारा ते तीन आडवं पडणं. मग पुन्हा हळूहळू चालणं. नऊ दिवसांत एकदाही धावणं नाही.

"तो टेहळणी करतोय," लायल म्हणाला. "एकेक वासरू हेरून ठेवतोय. एके दिवशी सगळ्यांचा हिशेब चुकता करेल."

"तो त्यांच्यात रमलाय, मिस्टर पेनिंग्टन. तुम्हाला हे बघवत नाही, एवढंच," ऑड्रा विन्स्लो म्हणाल्या.

"रमलाय? बाई, मीही मटणाच्या दुकानात रमतो!"

"तुमच्या आजोबांनी लांडगे मारले म्हणून तर पुन्हा आणावे लागले!"

"आजोबांचं नाव काढायचं काम नाही!"

मागच्या ओळीतून कुणी म्हातारा ओरडला, "अगं नोरीन, तो रवंथ पण करतो का, ते विचार!"

शेड हसण्याने दणाणली. नोरीनही हसायला वळली आणि तिची नजर भिंतीवरच्या आलेखावर गेली. तिचं हसू तिथेच थिजलं. हा आलेख तिने आधी काढला होता. पंचवीस वर्षांपूर्वी, पदवीच्या प्रबंधासाठी, दोन उन्हाळे हातात घड्याळ घेऊन माळावर हिंडत, कागदावर पेन्सिलीने. तो लांडग्याचा नव्हता.

"आता यावर तुमचं काय म्हणणं?" दोन्ही बाजूंनी एकदमच विचारलं.

"उद्या सांगते," नोरीन म्हणाली आणि प्रोजेक्टर बंद केला.

शुक्रवारी सकाळी ती कुरणात पोचली. तिला शोधावं लागलं नाही. कानात चौसष्टचा बिल्ला असलेली एक तांबडी गाय तिच्याकडे पाहत रवंथ करत होती. तिच्या गळ्यात अकरा नंबरचा पट्टा होता. पट्टा पुरला नव्हता म्हणून गवताच्या गठ्ठ्यांची नारिंगी सुतळी बांधून तो लांबवला होता. या खोऱ्यात त्या सुतळीने फाटकं, बंपर आणि पँट सगळंच बांधतात.

"मिसेस हस्टेड, हा पट्टा कुठून आला?"

"तुमच्याचकडून! कुंपणाऐवजी गायींच्या गळ्यात घालायला तुम्ही ते हद्द ओलांडली की पिंपिं करणारे पट्टे नाही का वाटलेत? हिचा हरवला होता. गेल्या आठवड्यात मंगळवारी पहाटे पाटाच्या दाराशी पडलेला दिसला, घातला गळ्यात. शिक्का बघ की, तुमच्याच खात्याचा आहे."

शिक्का खात्याचाच होता. गायींच्या पट्ट्यांवरही तोच होता.

"हा लहान आहे, हे लक्षात नाही आलं?"

"आलं की! म्हटलं, सरकारी माप. तोकडंच असणार."

नोरीन गवतात बसली. लांडग्यांचे पट्टे ठरलेल्या मुदतीने आपोआप गळून पडतात. अकराचा मुदतीच्या महिनाभर आधीच गळाला होता. तिने हे सगळं सांगितलं. वॉल्डीनबाईंनी ऐकून घेतलं, आणि त्यांची नजर हळूहळू टेकाडावरच्या दोन घोडेस्वारांकडे गेली.

"म्हणजे हे दोघे आता परत जाणार."

"नोंदच चुकीची ठरली, तर..."

"अजून सत्तावीस गाई विणार आहेत, पोरी. नऊ रात्री अंथरुणात झोपले मी. पाठ कुठे असते ते विसरले होते." त्यांनी गायीच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला. "राहू दे ना तो पट्टा थोडे दिवस. गाय काही तक्रार करत नाही."

"मी खोटी नोंद लिहू शकत नाही, मिसेस हस्टेड."

"मी कुठे लिही म्हणते? नुसती लिहू नकोस."

नोरीनने गायीकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तिने कंटाळून, वैतागून, तापात फणफणत असताना नोंदी लिहिल्या होत्या, पण खोटी एकही नाही. तिने चाकू काढला आणि सुतळी कापली. वॉल्डीनबाईंनी टोपी पुढे ओढली आणि पाठ फिरवली.

मग नोरीनने साहेबांना फोन लावला.

"गाय?" केंडल म्हणाले.

"गाय."

"दहा दिवस?"

"दहा दिवस."

मग साहेबांनी विचारलं, "आणि पट्टा पडला कुठे?"

"पाटाच्या दाराशी. कळपापासून तीस पावलं." बोलता बोलता तिने फोनवरच जुन्या नोंदी उघडल्या. मंगळवारच्या आधीची नोंद सोमवारी मध्यरात्रीची, पाटाच्या दाराशीच. तेव्हा तो पट्टा अजून कुठल्याही गायीच्या गळ्यात नव्हता. "साहेब, सोमवारी रात्री लांडगा इथे येऊन गेलाय. खराखुरा."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. साहेब नियम वाचू लागले. "पट्टा गळालेला लांडगा, नवी नोंद मिळेपर्यंत, शेवटच्या खात्रीलायक नोंदीच्या जागीच आहे असे समजावे व तेथील बंदोबस्त चालू ठेवावा."

"नवी नोंद कशावरून मिळायची?"

"अर्थातच पट्ट्यावरून."

नोरीनने हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणतात?" वॉल्डीनबाईंनी पाठमोरं राहूनच विचारलं.

"घोडेस्वार राहतील."

त्या वळल्या. "किती दिवस?"

"लांडगा सापडेपर्यंत."

"आणि तो शोधायचा कुणी?"

"मी."

वॉल्डीनबाईंनी चौसष्टच्या पाठीवर थाप मारली, आणि मग नोरीनच्याही.

"मग नीट शोध हो, पोरी. उगाच घाईगडबड करू नकोस."