बापूसाहेबांच्या व्यायामाची कमिटी

बापूसाहेब जेवले, ताटात हात धुतला आणि पाटावरून उठलेच नाहीत.

"अवो, उठा की. मला जागा पुसायचीय," पुतळाबाई म्हणाल्या.

"उठतो. घाई काय हाय?"

पुतळाबाईंनी ताट उचललं, मांजराला भाकरी घातली, परत आल्या. बापूसाहेब तिथंच. एक हात जमिनीला टेकून ते निम्मे वर यायचे आणि पुन्हा खाली बसायचे. शेवटी पुतळाबाईंनी काखेत हात घालून त्यांना उचललं. उचलताना त्यांच्या स्वतःच्या खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नेमका त्याच वेळी पुण्याहून आलेला मुलगा, इंद्रजीत, दारात उभा होता.

"आई, हे असं रोज चालतं?"

"रोज कुठं? कवातरी."

"दिसातनं दोनदा," बापूसाहेब म्हणाले. उभा जन्म राजकारणात जाऊनही नको तिथं खरं बोलायची त्यांची खोड गेली नव्हती.

इंद्रजीतनं तिथल्या तिथं निकाल दिला. "दिवाळीला मी येतो. आप्पा कुणाचा हात न धरता खालून उठले तर ठीक. नाहीतर बॅगा भरायच्या आणि हडपसरला माझ्याकडं राहायला यायचं. कायमचं."

हडपसरच्या फ्लॅटमध्ये पुतळाबाई एकदा आठवडाभर राहिल्या होत्या. समोरच्या दाराआड माणसं राहतात की ते घर रिकामं आहे, हे त्यांना निघेपर्यंत समजलं नव्हतं. इथं मांडवगण फराट्यात त्यांचा झेंडूचा वाफा होता, दोन म्हशी होत्या, आणि सकाळी कोण कुणावर ओरडलं हे न विचारता कळायचं.

खरं तर त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात एकही खुर्ची नव्हती. जेवण खाली, निजणं खाली, भांडणसुद्धा खाली बसून. बापूसाहेब तेव्हा कांद्याची गोणी पाठीवर घेऊन चालत्या बैलगाडीवर चढायचे. मग ते सोसायटीचे चेअरमन झाले. घरात खुर्ची आली, आणि पुढं ते जिथं जातील तिथं त्यांच्याआधी खुर्ची जाऊन पोचू लागली. चेअरमनपद गेलं, खुर्ची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं दौंडला डॉक्टरकडं गेले. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट होत्या.

"आजोबा, आजार काही नाही. पायातली ताकद गेलीय. औषध नको, व्यायाम करा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. हातांसाठी भिंत ढकलायची. टाचा उचलून उभं राहायचं. तोल सांभाळायला थोडा वेळ एका पायावर. सगळं थोडं थोडं, पण रोज. आणि दिवाळीपुरतं नाही बरं का, जन्मभर."

"येवढंच?" बापूसाहेबांचा चेहरा पडला. परतताना ते जीपमध्ये फुगून बसले होते. "भिंत ढकलायची म्हणं! मी ह्या गावचा माजी चेअरमन. लोकांनी बघितलं तर म्हणतील, सोसायटी गेली, आता घर पाडाय लागलाय."

बापूसाहेबांनी आयुष्यात कुठलंच काम कमिटीशिवाय केलं नव्हतं. विहिरीवरची मोटर बदलायची तरी ते चार माणसं बोलवायचे. संध्याकाळी खळ्यात बैठक भरली. खालच्या आळीकडून तालीमवाला बन्सी आला, वरच्या आळीकडून वरवंडला योगाच्या वर्गाला जाऊन आलेला संपत, आणि भावकीतली दोन-चार पोरं मोबाईल घेऊन.

"बैठका मारा, बापूसाहेब," बन्सी म्हणाला. "मांड्या कशा दगडावानी हुत्यात बघा."

"आन् गुडघं?" संपत उसळला. "गुडघं काय तुझ्या तालमीतनं आणायचं? सूर्यनमस्कारच पायजेत."

"तू गप. सोता वाकताना तुझी चड्डी आधी उसवती."

"प्लँक घ्या, आप्पा," पोरं म्हणाली. "कोपरावर शरीर धरायचं. परदेशातले म्हातारे पण करतात."

बापूसाहेबांनी हात वर केला. सोसायटी त्यांनी इतकी वर्षं एकाच गोष्टीवर चालवली होती: वरच्या आळीला दिलं की खालच्या आळीलाही द्यायचं. "कुनाला नाराज करायचं न्हाई. खालच्या आळीच्या बैठका, वरच्या आळीचे सूर्यनमस्कार, पोरांचं ते प्लँक. समदं घ्या."

"आन् डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं?" पुतळाबाईंनी आतून विचारलं.

"त्याला हितं कुनाचाच पाठिंबा न्हाई," बापूसाहेब म्हणाले. ठराव मंजूर झाला. त्यांच्या गुडघ्यांना यातलं काय झेपेल, हा विषय बैठकीत निघालाच नाही.

सोमवारी सकाळी नारळ फुटला. बन्सीचा सत्कार झाला, म्हणून संपतचा करावा लागला. तोवर ऊन वर आलं. मंगळवारी तालमीतली पोरं बघायला आली, त्यांचा चहा झाला. बुधवारी तर बापूसाहेबांनी व्यायामाचं महत्त्व यावर भाषणच केलं. आठवडाभरात बन्सीचं पोट आत गेलं, संपतची पाठ सरळ झाली, पोरं काटक दिसू लागली. बापूसाहेब खुर्चीत बसून म्हणत होते, "चालू द्या. थांबू नका."

पुतळाबाई रोज कपभर साखर आणि पातेलंभर दूध संपताना बघत होत्या. दिवाळी जवळ येत होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी चहा खुर्चीपाशी न्यायचं बंद केलं.

"अगं, च्या?"

"हितं चुलीपाशी हाय. उठून या. खुर्चीच्या हाताला धरू नका, त्यो हात मोडाय आलाय."

बापूसाहेबांना दिवसात आठ-दहा वेळा चहा लागायचा, घोट-घोट. एकेका घोटासाठी ते कण्हत उठू लागले. मग पुतळाबाईंनी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि स्वतःचा खांदा दुखतो म्हणून रोज त्यांनाच टाचा उचलून काढायला लावला. पायजमा घालताना भिंतीला टेकायची बंदी झाली, कारण तिथला चुना कपड्याला लागत होता. आणि रोज संध्याकाळी त्या काळजीनं म्हणायच्या, "अवो, गोठ्याची भिंत कलल्यावानी दिसती. जरा ढकलून बघा बरं."

बापूसाहेब दोन्ही हात लावून ताकदीनं ढकलायचे, पुन्हा ढकलायचे, मग माजी चेअरमनच्या गांभीर्यानं सांगायचे, "पक्की हाय."

"तरी उद्या बघा. भिंतीचं काय सांगावं?"

असं तीन आठवडे चाललं. एका सकाळी खळ्यात बन्सीनं तोंड उघडलं. "अध्यक्षांनी येक डाव करून दाखवावं. लोकं इचारत्यात."

बापूसाहेबांना माघार घेता येईना. त्यातल्या त्यात प्लँक सोपा वाटला, कारण तो झोपून करायचा होता. ते सतरंजीवर पालथे झाले, कोपरावर अंग उचललं, आणि पापणी लवेपर्यंत पुन्हा सपाट झाले. एवढ्या लोकांत 'मला उठवा' म्हणायची लाज वाटली, म्हणून तसेच गप पडून राहिले.

"धरलंय! अजून धरलंय!" पोरं ओरडली आणि मोबाईल काढले.

"ह्याला धरणं म्हणत्यात व्हय?" बन्सी म्हणाला. "ह्याला निजणं म्हणत्यात."

"बोलू नका," संपतनं हात जोडले. "समाधी लागलीय."

गर्दी गोळा झाली. घाम पुसायला दोघातिघांनी टोप्या काढल्या. पुतळाबाई आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "च्या झालाय, समदी घराकडं चला." खळं रिकामं झालं, तसे बापूसाहेब रांगत खुर्चीपर्यंत गेले आणि तिला धरून उभे राहिले.

पण फोटो त्याआधीच पुण्याला पोचला होता. पालथे पडलेले आप्पा, हात जोडलेला संपत, टोप्या काढून खाली बघणारी माणसं. तासाभरानं पुतळाबाईंचा फोन वाजला.

"आई," इंद्रजीतचा आवाज फुटला होता. "कधी झालं?"

"मगाशीच. आता च्या पित्यात."

"कोण?"

"तुझे आप्पा. दुसरं कोण?"

पलीकडं गाडीचा ब्रेक करकचून लागला. मग तो म्हणाला, "मी चौफुल्याला वळलोय. येतोच."

तो आला तेव्हा बापूसाहेब खुर्चीत चिवडा खात होते. इंद्रजीतच्या भीतीचा राग झाला. "दिवाळीबिवाळी काही नाही. आत्ताच्या आत्ता बसा खाली. उठून दाखवा. नाहीतर याच गाडीत बसायचं."

त्यानं पाट मांडला आणि धीर द्यायला स्वतःही समोर मांडी घालून बसला. बापूसाहेब खाली बसले. पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला. सकाळचं अंग ठणकत होतं. बापूसाहेबांनी एक पाय पुढं घेतला, हात आपल्याच गुडघ्यावर ठेवला, कण्हले, थरथरले आणि उभे राहिले. कुणालाही न धरता. त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना.

"बघितलंस?" ते गरजले. "कमिटी! कमिटीची कमाल हाय ही!"

"व्हय, कमिटीचीच," पुतळाबाई म्हणाल्या आणि पदराच्या आत हसल्या.

"मानलं, आप्पा," इंद्रजीत म्हणाला. "आता हडपसरचं नाव काढणार नाही." आणि तो उठायला गेला. निम्मा वर आला, परत खाली बसला. दिवसभर कॉम्प्युटरपुढं आणि गाडीत बसणारा पंचेचाळिशीचा माणूस पाटाच्या कडेला धरून इकडं तिकडं बघू लागला.

बापूसाहेब त्याच्याकडं टक लावून बघत राहिले. मग त्यांनी गंभीरपणे खिशातून फोन काढला आणि सुनेला लावला.

"वैष्णवी, ऐक. ह्याला आमी ठिवून घेतोय. तिकडं फ्लॅटात ह्याचं कसं हुयाचं, मला काळजी लागलीय."

"आप्पा, ठेवून घ्या ना त्यांना," पलीकडून सूनबाई म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "मी पण आले तर चालेल का? परवा सोफ्याखालचं कानातलं काढायला खाली बसले होते. वॉचमनला वर बोलवावं लागलं."

पुतळाबाईंनी माळ्यावरच्या दोन गाद्या उन्हात टाकायला काढल्या.