व्यंकोजी फोटोत येतात

या वेळी फोटोत आपण असणार म्हणजे असणार, असं व्यंकोजींनी खंडेनवमीच्या सकाळीच जाहीर केलं. बसवनगुडीच्या त्या घरात आजवर सगळे फोटो त्यांनीच काढले होते. त्यामुळे बारशापासून लग्नापर्यंत प्रत्येक अल्बमात सगळं गोत हजर, आणि घरधनी तेवढा गायब. नवखा पाहुणा अल्बम मिटून त्यांच्या बायकोकडे, रत्नाबाईंकडे, दयेनं बघायचा.

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. लेक सत्यवती परवा नवऱ्याबरोबर मस्कतला निघणार होती, पुन्हा कधी येईल कोण जाणे. तिच्या पेटीत बापासकट सगळ्यांचा एक फोटो जायलाच हवा होता. म्हणून व्यंकोजींनी नवा कॅमेरा आणला. त्याला काडेपेटीएवढा रिमोट. लांब बसून बटण दाबायचं, की कॅमेऱ्याच्या तोंडावरचा तांबडा दिवा लुकलुकणार आणि थोड्या वेळानं फोटो निघणार, असं दुकानदारानं शिकवलं होतं.

अंगणात पूजा झालेली स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर कॅमेरा ठेवला. पायरीवर मधोमध थोरली बहीण कावेरी अक्का, शेजारी रत्नाबाई, मागं सत्यवती आणि जावई गुरुराज. कडेला राजासारखे व्यंकोजी बसले. त्यांनी बटण दाबलं.

दिवा लागेना. पुन्हा दाबलं. दिवा नाहीच. काय झालं बघायला ते उठून कॅमेऱ्यापाशी गेले, वाकले, आणि खट्ट! डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"मी लांब असलो की गप्प, जवळ आलो की उडतो," व्यंकोजी डोळे चोळत म्हणाले. "कुत्रं पाळलंय का कॅमेरा?"

गुरुराज टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं निदान केलं, "सिग्नल पोचत नाही, मामा. स्वल्प पुढं या."

मामा पुढं आले. बटण दाबलं, दिवा नाही. अजून पुढं आले, खट्ट. मग गुरुराजनं उन्हाला दोष दिला. व्यंकोजी एका हातात छत्री आणि दुसऱ्यात रिमोट घेऊन कॅमेऱ्यावर सावली धरू लागले. खट्ट. त्यानं सेल उलटे घातले, तेव्हा खट्टसुद्धा होईना. सुलटे घातल्यावर व्यंकोजींनी रिमोट थेट कॅमेऱ्याच्या नाकाला टेकवून बघितला, तेव्हा मात्र पुन्हा खट्ट. ऊन चढलं, सत्यवतीचा गजरा मान टाकू लागला, जावयाचं इंजिनिअरपण संपलं, पण दिवा काही लागला नाही. मधले खट्ट कशाचे, याचा विचार कुणी केलाच नाही.

"शिंकतंय रे ते," अक्का म्हणाल्या. "आज आयुधांची पूजा. ह्याला पूजा पोचली नसणार."

हे मात्र रत्नाबाईंना झोंबलं. "पोचली नाही काय, वन्सं? मिक्सर झाला, शिवणाचं मशीन झालं, मग ह्याच्या कपाळावर चांगलं बोटभर हळदकुंकू लावलंय मी. या, बघा तरी."

सगळे बघायला गेले. कुंकू खरंच घसघशीत होतं, आणि नेमकं तांबड्या दिव्यावर थापलेलं होतं. आत दिवा बिचारा प्रत्येक वेळी लुकलुकत होता, फोटोही वेळच्या वेळी निघत होता. फक्त व्यंकोजी दर वेळी मधे जाऊन उभे राहत होते.

घाईघाईनं कुंकू पुसलं. सगळे पुन्हा पायरीवर बसले, पदर सावरले. व्यंकोजींनी बटण दाबलं. कॅमेरा घरघरला आणि संपलेला रोल गुंडाळून मोकळा झाला.

निघायच्या दिवशी प्रिंट आले. पहिल्यात व्यंकोजींचं पोट. दुसऱ्यात एक मिशी. मग नाकपुडी, बगल, छत्रीची काडी, पुन्हा पोट. एकात त्यांच्या कानामागं अक्कांची नथ तेवढी चमकत होती. सत्यवतीनं हसत हसत डोळे पुसले आणि गोंधळून कॅमेऱ्यात बघणाऱ्या बापाचा फोटो पेटीत साड्यांच्या घडीत ठेवला.

अक्कांनी उरलेला गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. "व्यंकू, पुढच्या वेळी फोटो तूच काढ बाबा. निदान आम्ही तरी दिसू."

"सरी, तसंच करतो," व्यंकोजी म्हणाले. मग गठ्ठ्यातला एक फोटो पुढं करत म्हणाले, "पण कान बरा आलाय की नाही?"