नागनाथअप्पांच्या जीपमधली हवा

नागनाथअप्पांच्या जीपमध्ये बसायचं तर एक अट पाळावी लागे. ते सांगतील तेव्हा गप्प बसायचं. हळू बोलणंही चालत नसे. एकदा जीपमध्ये नवरदेव होता, मुहूर्त जवळ आलेला, करवल्या घामाघूम, आणि अप्पा बॉनेट उघडून रेडिएटरच्या तोंडाशी कान नेऊन उभे. नवरदेवाच्या मामानं विचारलं, "किती येळ अजून?" अप्पांनी ओठावर बोट ठेवलं. "गप बसा. हवा बोलाय लागलीय." एका बाईचं तान्हं पोर रडत होतं, तर तिला त्यांनी पार पाण्याच्या टाकीपलीकडं पाठवलं. लग्न लागलं, पण मुहूर्त टळून गेल्यावर.

मी उमरग्याच्या शाळेत मास्तर आहे आणि सास्तूरहून जाऊन येऊन करतो. कितीतरी वर्षं अप्पांच्याच जीपनं गेलो. उशिरा पोचल्यावर "गाडीत हवा होती" असं सांगितलं की मुख्याध्यापक चष्म्यावरून माझ्याकडं बघत. टायरात हवा नसल्यानं उशीर होतो, असल्यानं कसा होतो, हे त्यांना कधी समजलं नाही आणि मीही समजावण्याच्या फंदात पडलो नाही.

तुम्हाला मात्र सांगतो. इंजिन थंड राहावं म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरत असतं. त्या पाण्याच्या वाटेत हवेचा फुगा अडकला की पाणी पुढं सरकत नाही. मग तापमानाचा काटा चढतो आणि गाडी वाफा सोडत भर रस्त्यात उभी राहते. अप्पांचं रेडिएटर जुनं, बारीक गळणारं. गळती थांबावी म्हणून ते त्यात मूठभर हळद टाकत. नवीन घ्या म्हटलं की म्हणत, "चांगलं हाय की ते. जरा सर्दी झालीया, एवढंच." तर या सर्दीमुळं पाणी कमी होई, हवा शिरे आणि दर सोमवारी सकाळी ती बाहेर काढण्याचा सोहळा होई.

त्यासाठी गाडीचं तोंड वर पाहिजे. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं आमचं गाव सपाट, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे. सगळ्या गावात चढ काय तो टाकीजवळ. तिथं जीप नाक वर करून लावायची, रेडिएटरचं झाकण काढायचं, इंजिन चालू ठेवायचं, पाणी ओतत राहायचं आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट बघायची. मधून मधून अप्पा रबरी नळी गाईची आचळं पिळावीत तशी हलक्या हातानं दाबत.

जगात जे काही बिघडतं ते हवेनंच, असं त्यांचं ठाम मत. उपसरपंच जास्त बोलायला लागला की म्हणत, "पायपात हवा हाय त्याच्या." माझा खोकला हटेना, तेव्हा मलाही त्यांनी उताणं निजून पाय खाली सोडायचा सल्ला दिला होता. पुण्याला नोकरी करणारा मुलगा प्रकाश फोन करीनासा झाला, तेव्हाही हेच. "कुठंतरी हवा अडकलीया, गुरुजी. निघंल आपोआप." हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

गाव म्हणे अप्पा हवा काढतात, पण काम दोघांचं होतं. पाणी ओतणारा बाहेर, आणि रेस देणारं माणूस आत, ड्रायव्हरच्या जागेवर. ते माणूस म्हणजे मथुराकाकू. अप्पांची बायको. चुलीवरचा तवा उतरवून, डोक्यावर पदर घेऊन त्या यायच्या आणि जीपमध्ये चढून बसायच्या. गाडी जागची हलणार नसायची, तरी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरायच्या. अप्पांनी बोट वर केलं की काकूंचा पाय दाबला जाई, मूठ मिटली की सुटे. दोघांत शब्द नाही. आम्ही प्रवासी खाली उभे राहून घड्याळं बघायचो आणि चरफडायचो.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. छातीत कळ आली म्हणून उमरग्याला दवाखान्यात नेलं, तिथून परत आल्या नाहीत.

दिवस झाले, प्रकाश पुण्याला परत गेला, आणि सोमवार आला. अप्पांनी नेहमीसारखी जीप चढावर लावली. रेस द्यायला मी बसलो. जरा वेळानं त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "गुरुजी, तुमचा पाय लई जड हाय. उतरा." मग आमच्या गावचा शिंपी बसला. त्याचा पाय मशीनवर असल्यासारखा आपसूक खालीवर व्हायला लागला आणि सगळं पाणी उसळून अप्पांच्या सदऱ्यावर आलं. एका पैलवानाचा पाय त्यांना भित्रा वाटला. सोसायटीच्या शिपायाला तर बसण्याआधीच नापास केलं. "चप्पल बघूनच कळतंय," म्हणाले. आम्ही हसलो. नंतर नंतर हसू येईना, कारण हवा आतच राहायला लागली. जीप अर्ध्या वाटेत तापायची. लोक एसटीनं जायला लागले, मीसुद्धा. शेवटी अप्पांनी जीप लिंबाखाली लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली.

दिवाळीला प्रकाश आला. तो पुण्यात गाड्या दुरुस्तीच्या कारखान्यातच असतो. येताना त्यानं एक मोठं नरसाळं आणलं होतं, रेडिएटरच्या तोंडावर गच्च बसणारं. ते बसवून त्यानं ते निम्मं पाण्यानं भरलं आणि इंजिन चालू केलं. रेस द्यायची वेळ आली तेव्हा बॉनेटमध्येच हात घालून डिझेल पंपाची दांडी ओढली. बुडबुडे आपले वर येऊन फुटत राहिले. अप्पा हाताची घडी घालून बघत होते. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं.

"बघा अप्पा," प्रकाश म्हणाला, "आता कुणाला बोलवाय नको. एकट्याला जमतंय."

पोरानं बापासाठी प्रेमानं केलं होतं, त्यात खोट काढता येत नाही. जीप उमरग्याला जाऊन आली, काटा जागचा हलला नाही. आम्ही सगळे खूश झालो. प्रकाश परत गेला आणि दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा ताडपत्रीखाली गेली.

मी आणि माझी बायको शैला त्यांच्याकडं भाकरी-कालवण घेऊन गेलो. अप्पा ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली. मी विचारलं, "अप्पा, गाडी चांगली झाली की. मग बंद का?"

"एकट्याचं काम होतं, गुरुजी," ते म्हणाले.

मला कळेना. मग तेच बोलायला लागले. "मला ज्यानं शिकवलं त्यानं दोघांचं सांगितलं. म्या कुणाला इचारलंबी न्हाय. गुडघे दुखायचे तिचे. थंडीत उठवून न्यायचो. भाकरी तव्यावर टाकून यायची. आन् नुसती दांडी वढली की भागत होतं. उगंच राबवलं म्या तिला." त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत या माणसाला रडताना मी पाहिलं नव्हतं.

शैलानं डबा खाली ठेवला. "अप्पा, काकूंना ठावं होतं," ती म्हणाली.

अप्पांनी मान वर केली.

"उमरग्याच्या मिस्त्रीनं कव्हाच सांगितलं होतं त्यास्नी, हे एकट्याचं काम हाय, अप्पांना सांगा म्हणून. मला म्हणल्या, म्या न्हाय सांगत. दिसभर हे गाडीवर, म्या रानात. सोमवारचा तेवढा घंटाभर आमी दोघं एका जागी असताव. सांगितलं तर तेबी जाईल."

अप्पा तिच्याकडं सरकले. मग विचारलं, "हसत म्हणली का रडत?"

"हसत. तोंडाला पदर लावून."

"गुडघ्याचं काय म्हणली?"

"काईच न्हाय म्हणल्या."

अप्पांनी डोळे पुसले. मी उठायला लागलो, तसा त्यांनी मला हातानंच खाली बसवलं.

"परत सांग, पोरी," ते म्हणाले. "पयल्यापासून."

शैला भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.