मर्व्हिनची वाळू आणि शेजाऱ्याचे अंगण

आपल्या अंगणात प्लास्टिकचे गवत येणार नाही, अशी प्रतिज्ञा मर्व्हिनने ऑक्टोबरातल्या एका सकाळी, टोस्टला लोणी लावता लावता केली. प्रतिज्ञेसाठी याहून पवित्र स्थळे असतात. पण रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला व्यासपीठ म्हणून न्याहारीचे टेबलच तेवढे उरते.

निमित्त शेजारच्या सिल्व्हानोचे. मासळीचा धंदा मुलांच्या हाती देऊन स्वस्थ झालेल्या या इटालियन गृहस्थाने मागल्या अंगणात प्लास्टिकची हिरवळ अंथरली, गवत कापण्याचे यंत्र विकून टाकले आणि कुंपणावर कोपरे टेकून तो मर्व्हिनच्या अंगणाकडे कनवाळूपणे पाहू लागला. त्या अंगणात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या त्या साऱ्या किनाऱ्याप्रमाणेच, मातीच्या नावाखाली शुद्ध वाळू होती. समुद्र तेवढा कमी.

मर्व्हिनच्या पत्नीने, बेरिलने, शेजाऱ्याचाच पक्ष घेतला. दर नाताळच्या दुपारी मुले, सुना आणि नातवंडे या अंगणात क्रिकेट खेळत आणि मर्व्हिन अंपायर होई; हा त्या घराचा तीस वर्षांचा कुलाचार. गेल्या खेपेस चेंडू वाळूत रुतून बसू लागला, तेव्हा थोरल्या सुनेने पुढचा नाताळ आपल्या माहेरी करण्याचे सुचवले होते. तेव्हा नाताळपर्यंत खरे गवत दिसावे, नाहीतर आपण प्लास्टिकवाल्याला बोलावू, अशी मुदत बेरिलने घातली.

"वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाची गोष्ट पाद्रीबाबांनी गेल्याच रविवारी सांगितली," ती म्हणाली. "तेव्हा झोपला होतास का?"

"गोष्ट घराची होती," मर्व्हिन म्हणाला. "हिरवळीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं."

त्याने किकुयू नावाच्या चिवट गवताच्या मुळ्या आणून कुंपणापासून स्वयंपाकघरापर्यंत रांगांनी रोवल्या आणि नळीने अभिषेक आरंभला. परंतु ती वाळू अशी कोडगी, की पाणी तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखे घरंगळून जाई. अशा वाळूला साबणासारखे औषध पाजावे लागते, असे त्याला दुकानदाराने सांगितले. साबणासारखे औषध घेण्यापेक्षा साबणच काय वाईट, असा विचार करून त्याने भांडी घासण्याच्या साबणाचा पाच लिटरचा कॅन अंगणात रिता केला आणि फवारा सोडला. (प्रमाणाविषयी त्याने कोणास विचारले नाही. श्रद्धावान माणूस प्रमाण विचारत नाही.) फेस गुडघ्यापर्यंत चढला आणि दोरीवरच्या चादरींना जाऊन भिडला.

"मर्व्ह, गड्या," कुंपणावरून सिल्व्हानो म्हणाला, "दाढी उगवायच्या आधीच साबण लावलास?"

या वाक्याने मर्व्हिनचा निर्धार दुणावला. वाळूला सत्त्व हवे म्हणून त्याने किनाऱ्यावरचे शेवाळ गाडीला जोडलेल्या ट्रेलरमधून पाच खेपांत आणले आणि जसेच्या तसे पसरले. त्यातल्या मिठाने मुळ्या करपल्या. वासाने माशा आल्या आणि बेरिल चार दिवस बहिणीकडे गेली. उरलेल्या मुळ्यांपैकी एखादी तो रोज सकाळी उपटून, जीव आहे की नाही हे पाहून, पुन्हा रोवीत असे. (दर घटकेला हलवून जागे केले, तर देवही राऊळ सोडून जाईल, मग गवताची काय कथा.)

डिसेंबर तापला. अंगणात गवताची काडी नव्हती. मर्व्हिन मात्र रोज हॅट घालून, नळी हाती धरून उभा राही. वाळू थकेल, आपण थकणार नाही, असे तो पोस्टमनलाही सांगे. तिकडे प्लास्टिक इतके भाजू लागले, की सिल्व्हानोच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय पोळू लागले आणि गालिचा थंड ठेवण्यासाठी सिल्व्हानोला दोन्ही वेळा पाणी मारावे लागे. प्लास्टिकला पाणी घालणारा माणूस पाहिला, आता डोळे मिटायला हरकत नाही, असे मर्व्हिन त्याला ऐकवी.

नाताळला तीन दिवस उरले असता सिल्व्हानो दारात आला आणि त्याने मर्व्हिनला दंडाला धरून आपल्या अंगणात नेले. प्लास्टिकचा गालिचा ठिकठिकाणी फुगला होता आणि त्याच्या प्रत्येक सांध्यातून खरे, टवटवीत किकुयू घोट्याएवढे वर आले होते. कुंपणाखालून निसटलेल्या मुळ्यांना सिल्व्हानोच्या पाण्याचा सुगावा लागला होता. मर्व्हिन गुडघे टेकून बसला.

"माझं गवत," तो म्हणाला.

"तुझं ना? मग तूच काप," सिल्व्हानो म्हणाला. "माझं यंत्र मी विकलं."

दोघांनी मिळून प्लास्टिक सोलून काढले. नाताळच्या दिवशी पहाटे मर्व्हिनने परक्या अंगणातले स्वतःचे गवत घाम गाळून कापले, आणि दुपारी दोन्ही कुटुंबांचा सामना तिथेच रंगला. थोरली सून सर्वांत आधी हजर होती. मर्व्हिन अंपायरच्या जागी छाती काढून उभा राहिला आणि कोळंबीची थाळी घेऊन आलेल्या बेरिलला म्हणाला, "वाळूत गवत उगवतं, हे आता तरी पटलं ना?"

बेरिलने कुंपणापलीकडच्या आपल्या ओसाड अंगणाकडे एकवार पाहिले.

"पटलं," ती म्हणाली. "जिथं तुझा हात पोचला नाही, तिथं तर फारच छान उगवलं."