दोन किलो भिवापुरी तिखट

"यंदा बॅग तेवीस किलो म्हणजे तेवीस किलो! एक ग्रॅम जास्त नाही!" योगेंद्रनं घरात जाहीर केलं आणि आईकडे, म्हणजे नर्मदाबाईंकडे, डोळे वटारून पाहिलं.

गडी जर्मनीत इंजिनिअर. पंधरा दिवसांसाठी जबलपूरला आलेला, उद्या सकाळी परत निघणार. मागच्या वर्षी बॅग जास्त भरली म्हणून विमानतळावर सगळ्यांसमोर उकिडवं बसून पापड बाहेर काढावे लागले होते. ती शरम अजून गेली नव्हती. त्यात रजा मिळाली नाही म्हणून तिकडेच राहिलेल्या बायकोनं, अवंतिकेनं, फोनवर दम भरला होता. "बाकी काही आणू नको. पण भिवापुरी तिखट नाही आलं तर तूही येऊ नको! इथलं तिखट नुसतं लाल असतं रे!"

म्हणून पठ्ठ्या सकाळीच भिवापुरच्या मिरच्या घेऊन घमापुरच्या चक्कीवर गेला. "भैया, मेरे सामने पीसना!" असं बजावून समोर उभा राहिला, बत्तीस शिंका दिल्या आणि दोन किलो तिखट घेऊन आला. जबलपुरातल्याच गोरखपुरच्या बाजारातून तूरडाळ, ज्वारीचं पीठ, सांडगे आणले. बॅग काट्याला लटकवली. बरोबर तेवीस! मग पोटभर जेवून ताणून दिली.

तिथंच चुकला. आई घरात असताना बॅग उघडी टाकून कोणी झोपतं का?

शेजारच्या इंदूकाकू स्टीलच्या डब्यात लाडू घेऊन आल्या. "अवंतिकेसाठी हो!" नर्मदाबाईंनी लाडू पिशवीत घालून बॅगेत टाकले. उरला रिकामा डबा. आता शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा? त्यांच्या घराण्यात असं पाप कोणी केलं नव्हतं! हाताशी तिखट होतं, भरला डबा.

मग बेबीताई चिवडा घेऊन आल्या. विभावरीमावशी शंकरपाळे घेऊन आल्या. अर्ध्या तासात गल्लीभर झालं, "नर्मदाबाई भिवापुरी तिखट वाटून राहिल्या!" मग काय विचारता! योगेंद्र आलाय हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यासुद्धा डबे घेऊन हजर! कोणी चार खारका आणल्या, कोणी मूठभर मुरमुरे.

चार वाजता योगेंद्र उठला. काटा सव्वीसवर आणि तिखटाची पिशवी सपाट!

"आई! हे काय करून राहिली तू?"

"काहून ओरडतो? रिकामे डबे देऊ का लोकांना?"

"अगं, डाळ द्यायची होती!"

"डाळ? कच्ची? लोक काय म्हणतील!"

चक्की बंद झालेली, सकाळी गाडी. अवंतिकेचा चेहरा योगेंद्रच्या डोळ्यांसमोर आला. शरम गुंडाळून तो दारोदार निघाला. "काकू, तेवढं तिखट..."

बायका मनाच्या मोठ्या! "अरे, सुनेसाठी ना? ने बाबा, डब्यासकट ने!" विभावरीमावशींचं तिखट तेवढ्यात लोणच्यात पडलं होतं, त्यांनी लोणचंच दिलं. आठ घरं, आठ डबे. ओतून घ्यायला गेला तर आईनं हात धरला. "राहू दे, पिशवी फुटली म्हणजे? कपडे लाल होतील." डब्यांच्या वजनापायी डाळ, पीठ, सांडगे, सगळं बाहेर निघालं. काटा पुन्हा तेवीसवर आला, आणि योगेंद्रला आपणच जिंकलो असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं जर्मनीहून फोन लावला. "आई, तिखट पोचलं! अवंतिका जाम खूश आहे!"

"चलो, बरं झालं. आणि ऐक, ते आठ डबे पुढच्या वर्षी आठवणीनं आण. लोकांचे आहेत."

"आणतो गं. रिकामे डबे, वजन ते कितीसं?"

नर्मदाबाई उसळल्या, "रिकामे?"