दुपट्ट्याखालचा भाव

आष्टीच्या रूपराव पेंटरांची बढाई एकच, पण पक्की. खोलीच्या दारात उभं राहून चौफेर एक नजर टाकायची आणि मजुरीचा आकडा सांगायचा. टेप लागत नसे! "वीस वर्स झाले, कोन्या भिंतीनं मले फसवलं नाई," असं ते चहाच्या टपरीवर सांगत. कुणी विचारलेलं नसे.

मग ओमप्रकाशचं घर रंगवायला निघालं. हा वांगी-टमाटर पिकवणारा त्यांचा लहानपणचा दोस्त. रंग त्यानंच आणून ठेवला होता. रूपरावांनी चार खोल्या दारातूनच पाहिल्या. मजुरी आठ हजार! आकडा जिभेवर आला आणि तिथंच बसून राहिला.

"किती होतीन, सांग."

"घरचंच काम हाय. तू देशीन ते."

"असं नको करू गड्या, तू सांग!"

"मी काऊन सांगू? घर तुयं हाय!"

असे तीन दिवस गेले. डबे बंद, भिंती पांढऱ्या. इकडे घरी जयवंताबाई तापलेल्या. "कूलर मोडून महिना झाला! नवा आठ हजारांचा हाय. दोस्ती-दोस्ती करत फुकट रंगवून आले, तं ब्रश घेऊन तिकडंच राहा!"

शेवटी रूपरावांनाच तोडगा सुचला. नत्थूजी! बैलबाजारातले जुने दलाल. त्यांचा सौदा खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली व्हायचा. आधी विकणारा दलालाची बोटं दाबणार, मग घेणारा. तोंडानं काही बोलायचंच नाही, म्हणजे लाजेचा प्रश्नच मिटला.

नत्थूजींनी ओमप्रकाशच्या ओसरीत बसून हातावर दुपट्टा टाकला. "एक बोट म्हंजे एक हजार. रूपराव, दाब."

रूपरावांनी पाच बोटं धरली. आणखी तीन धरायची होती. तेवढ्यात ओमप्रकाशनं चहा पुढे केला. "तुले आवडते तशी साखर जास्त टाकली, बरं का."

झालं! रूपरावांचं काळीज पाघळलं. वाढायची सोडून एक बोट सुटलंच. चार.

मग ओमप्रकाशनं हात घातला. आधी पाच दाबली, मग तीन.

चाळीस वर्षांत विकणारा कमी मागतो आणि घेणारा जास्त देतो, असा सौदा नत्थूजींनी पाहिला नव्हता. पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"सौदा पटला! ओमप्रकाश, आठ हजार काढ."

नत्थूजींनी आठ घेतले, चार रूपरावांच्या हाती ठेवले आणि चार स्वतःच्या खिशात घातले.

"हे काय नत्थूजी?" दोघंही ओरडले.

"यानं चार मांगले, याले भेटले. तू आठ कबूल केले, तू देले. मधातले दलालाचे. बाजाराचा कायदाच हाय बापा!"

आता रूपरावांनी काय म्हणावं? मला आठच पाहिजे होते, हे दोस्तासमोर सांगायचं कसं? त्यांनी कप तोंडाला लावला. गार झालेला चहा गोडच होता मेला!

नत्थूजी उठता उठता थबकले. "रूपराव, माया घराच्याबी चार खोल्या रंगवाच्या हायेत. तुया भाव तं आता मले ठाऊकच हाय." आणि खिशातले तेच चार हजार त्यांनी रूपरावांच्या हातावर ठेवले.

आठ दिवसांत नवा कूलर आला. "पाहा!" जयवंताबाई गार वाऱ्यात बसून म्हणाल्या. "तोंड उघडून मांगितलं तं भेटतेत न आठ हजार!"

रूपरावांनी मान हलवली. आठ हजार मिळाले होते, खोटं कशाला बोला? फक्त खोल्याही आठ झाल्या होत्या.