एवेलियोच्या बारमधले खेकडे

फेर्मिनने सरळ जाऊन एक ब्रेसलेट आणलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की स्पेनमधल्या आमच्या पालेन्सियातला कुठलाही शहाणा नवरा सराफाकडे जातो, मेहुणीला विचारून काहीतरी घेतो आणि जेवणाच्या वेळी हळूच बायकोच्या ताटाशेजारी ठेवतो. (नंतर ते बदलून आणायला बायको स्वतः जाते, तो भाग वेगळा.) पण फेर्मिन पडला आमच्या नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यातला कारकून, आणि कारकुनाला आयुष्यात एकदा तरी काहीतरी भव्य करून दाखवायची खुमखुमी येतेच. त्याला ती नेमकी तेव्हा आली.

त्याचे सासरे एवेलियो यांनी आपला बार केव्हाच बंद केला होता. पण बारमधलं नाणं टाकून खेळायचं गेमचं यंत्र अजून त्यांच्या गॅरेजात, बटाट्याच्या पोत्यांमागे उभं होतं. कपाटाएवढं धूड. ते दुरुस्त करून घरच्या दिवाणखान्यात लावायचं, हीच बायकोला भेट!

आता हेच यंत्र का, ते आम्हा ऑफिसातल्यांना विचारा. आम्हाला ती गोष्ट तोंडपाठ आहे. ऐन तरुणपणी फेर्मिन रोज संध्याकाळी एवेलियोच्या बारमध्ये तिवईवर बसून हिरवे खेकडे मारायचा. वरून खेकडे उतरतात, खालून आपण आपल्या यानातून गोळ्या घालायच्या, एवढाच तो गेम. आणि रोज बार बंद व्हायच्या सुमाराला मालकाची मुलगी विसी येऊन त्याच्या पाठीशी उभी राहायची. गप्प. त्याचा गेम संपेपर्यंत हलायची नाही. "पडद्याच्या त्या उजेडातच आमचं जमलं," असं फेर्मिन डोळे मिटून सांगायचा. हे त्याने लोकांच्या लग्नांत सांगितलं, बाप्तिस्म्यांत सांगितलं, आणि एकदा पाणी तुंबल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंनाही सांगितलं.

अलीकडे मात्र विसी त्याच्या पाठीशी उभी राहायची ती फक्त "हे काय मांडलंयस?" असं विचारायला. फेर्मिनला ते फार लागायचं. म्हणून त्याने ठरवलं होतं की लग्नाच्या वाढदिवसाला, शनिवारी, सगळ्या नातेवाइकांसमोर यंत्र सुरू करायचं, आपण तिवईवर बसायचं, आणि विसीने पुन्हा एकदा तशीच मागे येऊन उभं राहायचं. बाकी त्याला काही नको होतं.

यंत्र घरी आलं. त्याला जागा करायला कपबशांचं कपाट पॅसेजमध्ये गेलं, आणि स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस आडवा होऊन जाऊ लागला. आतला मूळ सर्किट बोर्ड उंदरांनी कुरतडलेला होता, पण मॉनिटरची काच शाबूत होती. मग काय, उपाय सोपा! (असं फेर्मिनला वाटलं.) आत एक जुना कॉम्प्युटर बसवायचा, त्यात जुन्या गेमची नक्कल करणारा एम्युलेटर टाकायचा आणि वायर मॉनिटरला जोडायची. रविवारी दुपारच्या झोपेआधी काम फत्ते.

"त्यापेक्षा आत सपाट टीव्ही बसव ना," विसी म्हणाली. "तो कोपऱ्यातला पडूनच आहे."

"सपाट टीव्ही?" फेर्मिनच्या काळजाला घरं पडली. "अगं, चित्र तेच पाहिजे! त्याच रेषा, तोच उजेड. तुझ्यासाठीच करतोय मी हे सगळं!"

"माझ्यासाठी करायचं असेल तर कपाट जागेवर ठेव."

त्याने वायर जोडली, बटण दाबलं, आणि मॉनिटर असा किंचाळला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू आपटला. पडद्यावर एकाच चित्राची चार तिरपी पिल्लं भराभर वर सरकत होती. फेर्मिनने झडप घालून प्लग उपटला.

"माझ्या बारमध्ये ते कधी ओरडलं नाही," सोफ्यावरून एवेलियो म्हणाले. (बटाट्यांमागची जागा मोकळी झाल्यापासून सासरेबुवा यंत्राच्या मागोमाग रोज इकडेच येऊन बसत होते.) "जावईबापू, तुम्ही त्याला काय खायला घातलंत?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण अगदी बरोबर होता. हे जुने मॉनिटर सेकंदाला पंधरा हजार रेषा पचवतात. आजचा कॉम्प्युटर एकतीस हजारांच्या खाली वाढायलाच तयार नसतो. त्याला कमी वाढायला लावायचं तर त्यात लिनक्स ही वेगळी प्रणाली घालायची, चित्र पाठवणाऱ्या व्हिडिओ ड्रायव्हरला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, मारायचा, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याला पॅच मारायचा, आणि शेवटी एम्युलेटरलाही पॅच मारायचा. हे सगळं फेर्मिनला खिखोन शहरातल्या निकानोर नावाच्या गृहस्थाने फोनवर सांगितलं. निकानोर इंटरनेटवर भेटलेला. त्याच्या घरी अशी अकरा यंत्रं होती आणि बायको नव्हती, यातून फेर्मिनने काहीतरी बोध घ्यायला हवा होता.

झालं, घरात रोज फोन सुरू झाला.

"निकानोर, तिन्ही पॅच लावले रे. हो, एकावर एक. काही उपयोग नाही!" फेर्मिन बाल्कनीत उभा राहून कुजबुजत होता. "आणखी एक लावून बघू? जास्त नाही ना होणार? गरम तर आत्ताच व्हायला लागलंय... विसीला यातलं काही बोलू नकोस हं, तिला वाटतंय सगळं सुरळीत चाललंय."

दाराआड विसी कपडे वाळत घालायला आली होती. फेर्मिनने गेल्याच वर्षी सिगारेट सोडली होती, दंडावर निकोटिनचे पॅच लावून लावून. तिने बादली खाली ठेवली.

"शर्ट काढ."

"आत्ता?" फेर्मिन लाजला. "अगं, बाबा बाहेर बसलेत."

"बसू देत! शर्ट काढ म्हणते ना! चार-चार पॅच? मरायचंय का तुला? आणि हा निकानोर कोण, डॉक्टर आहे?"

"नाही गं, पॅच मला नाही, कर्नलला लावलेत!"

"कुठल्या कर्नलला?"

"ऐकतच नाही तो! सांगून सांगून थकलो!"

"कर्नल लोक ऐकतच नसतात," आतून एवेलियो म्हणाले. "मी सेउत्याला सैन्यात होतो तेव्हाचा आमचा कर्नल तर जेवायलासुद्धा कुणाचं ऐकायचा नाही."

विसीने स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं काढली, दोन्ही दंड, पाठ, पोट सगळं तपासलं, आणि काही सापडलं नाही तेव्हा तर ती जास्तच चिडली.

त्यानंतर नवीन संकट आलं. किंचाळणं थांबलं, पण पडदा पार काळा झाला. निकानोर म्हणाला, घाबरू नकोस, मशीन चालू आहे, फक्त दिसत नाही. मी सांगतो तसं न बघता टाइप करत जा. तेव्हापासून फेर्मिन रोज ऑफिसातून आल्यावर त्या काळ्या काचेपुढे बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, मान डोलवत टाइप करत बसायचा. मेहुणी एकदा दारातून डोकावली आणि तशीच परत गेली. नंतर तिने विसीला फोन करून विचारलं, हे कधीपासून आहे?

अखेर गुरुवारी निकानोर म्हणाला की आता सगळे पॅच बरोबर बसलेत, मशीनला सगळा प्रोग्रॅम एकदा नव्याने बांधून घ्यायला लाव, पाच-सहा तास लागतील, तोवर कशालाही हात लावू नकोस. फेर्मिनने हात लावला नाही. तो देवळात बसल्यासारखा बसला, सूर्यफुलाच्या बिया सोलत. टरफलं खाली, जशी बारमध्ये टाकतात तशी. काम अगदी शेवटाला आलं असताना विसी मॉप घेऊन आली.

"पाय वर."

फेर्मिनने पाय वर घेतले. न बघता, न बोलता, पंचवीस वर्षांच्या सवयीने. आणि वर घेताना त्याची टाच एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणावर टेकली.

यंत्राचा पंखा थांबला.

"काय झालं?" विसीने विचारलं.

"काही नाही," फेर्मिन म्हणाला. पाय अजून हवेतच होते.

"मग झुरळासारखा काय बसलायस? खाली ठेव पाय, वाळली फरशी."

शुक्रवारी त्याने आजारपणाची रजा टाकली. (आम्हाला कारण 'कर्नल' असं सांगितलं. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.) पुन्हा सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी पडदा उजळला, पण खेकडे वरून खाली यायच्या ऐवजी डावीकडून उजवीकडे निघाले होते. ते सरळ करण्यात शनिवारची दुपार गेली. ओव्हनमध्ये कोकराचं मटण भाजलं जात होतं, विसी पार्लरमधून केसांचा भलामोठा उंच अंबाडा बांधून आली होती, पाहुणे पॅसेजमधून आडवे होऊन आत येत होते, आणि फेर्मिन अजून यंत्राच्या पोटात डोकं घालून निकानोरला शिव्या देत होता.

आणि मग लागलं! देवाशप्पथ लागलं. काळ्याभोर काचेवर हिरवेगार खेकडे, त्यांच्यातून जाणाऱ्या त्या बारीक रेषा, कडांना तो मऊ उजेड. एवेलियोंनी हातातलं ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि बी सवयीने फरशीवर फेकली. सगळ्यांच्याच अंगात बार संचारला. टरफलं, कागदी रुमाल, कोळंबीची डोकी, सगळं पूर्वीसारखं खाली पडायला लागलं.

फेर्मिन तिवईवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"विसी, ये ना. तशीच मागे उभी राहा."

विसी आली, उभी राहिली.

"आठवतंय?" खेकडे मारत त्याने विचारलं. "अगदी हेच चित्र, हो की नाही? रंग बघ. रेषा बघ."

"मला काय माहीत?" विसी म्हणाली. "मी कधी पाहिलंच नाही."

"म्हणजे? रोज तर इथे उभी असायचीस!"

"उभी असायचे, पण पुढे तुझं डोकं असायचं ना! केवढे केस होते तेव्हा तुला. अरे, माझ्या हातात मॉप असायचा. सगळा बार पुसून व्हायचा, फक्त तुझ्याखालची तेवढी जागा राहायची. मी वाट बघायचे, कधी एकदाचा मरतोस याची."

पडद्यावर फेर्मिनचं यान फुटलं.

"मीच पाठवायचो तिला," एवेलियो म्हणाले. "म्हणायचो, त्या केसाळ पोराला उठव, मला शटर ओढायचंय."

मेहुणी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. फेर्मिनचा चेहरा असा झाला की विसीलाच वाईट वाटलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग लग्न का केलंस माझ्याशी?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"पाय वर घ्यायचास म्हणून," विसी म्हणाली. "बाकी एकही गिऱ्हाईक हलायचं नाही रे, मेले तसेच बसून राहायचे. तू एकटा काही न बोलता पाय वर घ्यायचास. मी बाबांना सांगितलंसुद्धा, हा चालेल म्हणून."

फेर्मिन काही बोलणार तेवढ्यात तिने त्याला तिवईवरून उठवलं, स्वतः बसली आणि खेकडे मारायला लागली. चांगलीच मारायला लागली. खालच्या पसाऱ्याकडे न बघताच तिने भिंतीला टेकवलेला मॉप मागे त्याच्या हातात दिला आणि दोन्ही पाय वर घेतले.

फेर्मिनने पुसलं. पाहुण्यांच्या खुर्च्यांखालचं पुसलं, सासऱ्यांच्या पायाशी पुसलं, मग मॉप घेऊन बायकोच्या पाठीशी येऊन उभा राहिला. ती काही मरत नव्हती. एवढे पॅच लावून आणलेलं चित्र निदान डोळे भरून बघावं म्हणून तो डावीकडून वाकला, उजवीकडून वाकला. मध्ये तिचा अंबाडा होता.

"विसी, जरा बाजूला होतेस का? चित्र दिसत नाही."

"चित्र कशाला बघायचंय तुला?" विसी मान न वळवता म्हणाली. "खाली बघ, तो कोपरा राहिलाय."